पर्सी जॅक्सन मुलांच्या हातून काढून घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र वाचलं. त्यांचा नातू झ्यूस, पोसायडन, अथेना, हर्मीस ही ग्रीक देवांची नावं धडाधड सांगतो, पण आपल्या पुराणातले आठ देव, अष्टवसू, कोण म्हणून विचारलं की गप्प बसतो, अशी त्यांची तक्रार आहे. 'पर्सी जॅक्सन'सारख्या कादंबऱ्यांमुळे आपली पुराणं मुलांच्या मनातून पुसली जात आहेत, तेव्हा शाळांनी ही पुस्तकं ग्रंथालयातून काढून टाकावीत, असं त्यांनी सुचवलं आहे. त्यांची कळकळ खरी आहे आणि आपल्या गोष्टी मुलांना माहीत नाहीत याचं दुःख मलाही आहे. पण त्यांनी सुचवलेला उपाय मला अजिबात पटला नाही. काही मुलांचं त्यानं सरळसरळ नुकसान होईल, म्हणून हे पत्र.

मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर एका वाचनालयाचा बालविभाग दुपारच्या वेळी सांभाळते. मुलं काय मागतात, काय अर्धवट परत आणतात आणि काय परत आणायलाच तयार नसतात, हे मला रोज दिसतं. पर्सी जॅक्सन तिसऱ्या प्रकारात मोडतो. आमच्याकडच्या पहिल्या भागाची पाठ निखळली, ती चिकटपट्टीनं जोडली, तरी त्याच्यासाठी नंबर लागलेले असतात.

ज्यांनी ही पुस्तकं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेखक रिक रायर्डन अमेरिकेतल्या टेक्सासचे. अनेक वर्षं ते शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवत होते. पहिलं पुस्तक 'द लाइटनिंग थीफ' 2005 साली आलं आणि 2009 पर्यंत पाच भागांची मालिका पूर्ण झाली. त्यानंतर दुसरी पाच भागांची मालिका 2010 ते 2014 या काळात आली आणि पुढेही लेखन चालू राहिलं. कल्पना अशी की ऑलिंपस पर्वतावरचे ग्रीक देव अजून जिवंत आहेत. त्यांचा स्वर्ग आता न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या सहाशेव्या मजल्यावर आहे आणि माणसांपासून त्यांना झालेली मुलं आजच्या शाळांत शिकत आहेत. पर्सी हा त्यातलाच एक, बारा वर्षांचा, पोसायडनचा म्हणजे समुद्रदेवाचा मुलगा. आपला बाप कोण हे त्याला सुरुवातीला माहीतच नसतं.

या गोष्टीचा जन्म कसा झाला ते रायर्डन यांनीच सांगितलं आहे. त्यांच्या मुलाला वाचताना फार त्रास व्हायचा. त्याला डिस्लेक्सिया (अक्षरं वाचण्यातली अडचण) आणि एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली, एका जागी बसण्यातली अडचण) असल्याचं निदान झालं. दुसरीच्या वर्गात त्याला ग्रीक पुराणकथा होत्या आणि शाळेतल्या सगळ्या गोष्टींत त्याला तेवढीच एक आवडत होती. म्हणून वडील रोज रात्री झोपताना त्याला ग्रीक गोष्टी सांगू लागले. त्या संपल्या तेव्हा मुलगा म्हणाला, आता त्याच देवांची नवीन गोष्ट सांगा. तेव्हा वडिलांनी पर्सी नावाचा मुलगा तयार केला आणि त्याला आपल्या मुलाच्याच अडचणी दिल्या. ती गोष्ट तीन रात्री चालली. संपल्यावर मुलगा म्हणाला, हे लिहून काढा.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुस्तकाचा सगळा जीव इथे आहे. पर्सीला फळ्यावरची अक्षरं पोहताना दिसतात. सहा वर्षांत त्याच्या सहा शाळा झाल्या आहेत. एका जागी त्याला बसवत नाही. मास्तर त्याला उनाड समजतात आणि हळूहळू त्यालाही ते खरं वाटू लागलेलं आहे. मग देवांच्या मुलांच्या छावणीत अ‍ॅनाबेथ नावाची मुलगी त्याला सांगते की तुला इंग्रजी वाचता येत नाही कारण तुझा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेला आहे, आणि तुझी चुळबुळ म्हणजे लढाईत जीव वाचवणारी सावधता आहे. शास्त्राच्या दृष्टीनं हे अर्थातच काल्पनिक आहे. पण ज्या मुलाला आजवर फक्त 'लक्ष कुठं असतं रे तुझं?' एवढंच ऐकायला मिळालं, त्याला ते पान वाचताना काय होतं, ते मी पाहिलं आहे.

आमच्या वाचनालयात सातवीतला एक मुलगा येतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे. धडा वाचायला सांगितला की त्याला घाम फुटायचा, वर्गात मुलं हसायची, आणि एका शिक्षकांनी तर त्याला सगळ्यांसमोर खालच्या वर्गात जाऊन बसायला सांगितलं होतं. तो आमच्याकडे यायचा तो धाकट्या बहिणीला सोबत म्हणून. ती पुस्तकं चाळायची, हा पंख्याखाली बसून राहायचा. एकदा तिनं ठेवलेलं 'द लाइटनिंग थीफ' त्यानं उघडलं. खिशातून एसटीचं तिकीट काढलं, ते पहिल्या ओळीखाली धरलं आणि ओठ हलवत वाचायला लागला. ओळ संपली की तिकीट खाली सरकवायचं. मध्येच अडला की बोटानं शब्द झाकून अर्धा अर्धा वाचायचा. वाचनालय बंद करायची वेळ झाली तेव्हा त्याची जेमतेम चार-पाच पानं झाली होती. पण त्यानं मान वर केली नव्हती. जाताना तिकीट पानात ठेवून म्हणाला, "बाई, हे दुसऱ्या कुणाला देऊ नका, उद्या येतो."

पुढे काही दिवसांनी त्याची आई आली. मला वाटलं, अभ्यास सोडून गोष्टी वाचतो म्हणून तक्रार करायला आली. ती म्हणाली, "बाई, ह्याला पुस्तकातला धडा वाचवत नाही, आणि हे एवढं जाड पुस्तक घरात मोठ्यानं वाचून दाखवतोय. म्हणजे ह्याला येतंय की नाही, मला काय कळंना झालंय." मी तिला आधी तज्ज्ञांकडे जाऊन तपासणी करून घ्यायला सांगितलं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं तर आपल्या बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ मिळतो, इतरही सवलती मिळतात. कितीतरी पालकांना हे दहावीचं वर्ष उजाडेपर्यंत ठाऊकच नसतं. त्यांना ते आधी कळावं म्हणून इथेही लिहिते. गोष्टीच्या पुस्तकानं डिस्लेक्सिया बरा होत नाही, तसा कुणी दावाही करू नये. पण वाचायचं कशासाठी, हा प्रश्न त्या पोराच्या मनात सुटला, आणि तपासणीला जायला तो तयार झाला तो पर्सीमुळे. आता मला सांगा, हे पुस्तक ग्रंथालयातून काढून टाकायचं?

दुसरी गोष्ट. त्या ज्येष्ठ वाचकांना ही पुस्तकं म्हणजे नुसती मारामारी वाटली. माझं मत निराळं आहे. रायर्डन यांनी मूळ कथा नीट वाचलेल्या आहेत, आणि त्यांनी जिथे बदल केला आहे तिथे तो विचार करून केला आहे. पर्सीचं पूर्ण नाव पर्सियस. मूळ ग्रीक कथेत पर्सियस झ्यूसचा मुलगा. त्याच्या आजोबांना भविष्यवाणी झालेली असते की नातवाच्या हातून तुझा मृत्यू आहे, म्हणून ते आपली मुलगी डॅनाए आणि तान्हं बाळ यांना पेटीत घालून समुद्रात सोडून देतात. पेटी सेरिफॉस बेटाला लागते. तिथला राजा पॉलिडेक्टीस डॅनाएच्या मागे लागतो आणि वाढत्या मुलाची अडचण दूर करायला त्याला मेडुसाचं, जिच्याकडे पाहणाऱ्याचा दगड होतो त्या राक्षसिणीचं, मुंडकं आणायला पाठवतो. पर्सियस ते घेऊन परततो तेव्हा आई राजाच्या जाचानं देवळात आसऱ्याला गेलेली असते. तो राजाला मुंडकं दाखवतो आणि राजाचा दगड होतो.

कादंबरीत पॉलिडेक्टीसच्या जागी गेब नावाचा सावत्र बाप आहे. दिवसभर पत्ते कुटणारा, बायकोची कमाई उडवणारा, तिच्यावर हात उचलणारा. शेवटी पर्सीच्या हातात मेडुसाचं मुंडकं असतं आणि त्यानं ठरवलं तर एका क्षणात गेबचा दगड होईल. वाचणारी सगळी मुलं त्याचीच वाट पाहत असतात. पण आई, सॅली, त्याला थांबवते. माझं आयुष्य मलाच सावरलं पाहिजे, माझ्या मुलानं ते माझ्यासाठी करू नये, असं तिचं म्हणणं. पर्सी मुंडक्याची पेटी तिच्याजवळ ठेवून निघून जातो, आणि पुढे काय करायचं ते ती ठरवते. दगड झालेल्या गेबचा पुतळा विकून आलेल्या पैशांतून ती स्वतःचं घर बघते आणि शिकायला लागते. अडीच हजार वर्षं जुन्या कथेत डॅनाए कुणीतरी सोडवण्याची वाट बघत बसलेली आहे. इथे ती स्वतः उठते. घरात आईला मार खाताना पाहणारी मुलं आपल्या गावात, आपल्या गल्लीत आहेत. त्यांच्यासाठी हा बदल किती मोलाचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती छावणीतल्या अकरा नंबरच्या खोलीची. प्रत्येक मोठ्या देवाच्या मुलांसाठी छावणीत वेगळी खोली आहे. पण ज्या मुलांना त्यांच्या देव असलेल्या आई-बापानं अजून ओळखच दिलेली नाही, ती सगळी हर्मीसच्या खोलीत, जमिनीवर अंथरूण टाकून, दाटीवाटीनं राहतात. काही वर्षानुवर्षं वाट पाहतात. त्या खोलीचा म्होरक्या ल्यूक. देवांनी आपल्याला वाऱ्यावर सोडलं हा त्याचा राग इतका वाढतो की तो देवांच्या शत्रूला, क्रोनसला, जाऊन मिळतो. आणि त्याच्यामागे इतर मुलं जातात, कारण त्याची तक्रार खरी असते. पाचव्या भागाच्या शेवटी देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो ते नाकारतो आणि त्याऐवजी वचन मागतो. तेरा वर्षांचं होण्याआधी प्रत्येक मुलाला त्याच्या देव आई-बापानं ओळख द्यायची, आणि धाकट्या देवांच्या मुलांनाही छावणीत जागा द्यायची.

हे वाचताना कोल्हापूरच्या माणसाला कर्ण आठवला नाही तर नवल. सूर्याचा मुलगा, पेटीतून नदीत सोडलेला, अश्वनदीतून चर्मण्वतीत, तिथून यमुनेत आणि गंगेत वाहत गेलेला. रंगभूमीवर कृपाचार्य त्याला कुळ विचारतात. सगळं कौशल्य हातात असून तो मान खाली घालतो, आणि त्याला हात देतो तो दुर्योधन. ज्याला आपल्यांनी ओळख दिली नाही तो ओळख देणाऱ्याचा होतो, मग तो कोणीही असो. ल्यूकची गोष्ट वाचून झाल्यावर मी मुलांना कर्णाची ही गोष्ट सांगितली. एरवी पुराणकथा म्हटलं की चुळबुळणारी पोरं अगदी शांत होती. एका मुलीनं विचारलं, कुंती समोर बसलेली होती ना, मग ती बोलली का नाही? एवढा प्रश्न पडला की महाभारत त्या मुलीचं झालं. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी 1967 साली 'मृत्युंजय' लिहिली ती कर्णाच्या याच दुखण्यावर, आणि आमच्या जिल्ह्यातल्या घराघरांत ती वाचली गेली. त्या मुलीला आठवी-नववीत मी तेच पुस्तक देणार आहे. तिथवर जाणारी तिची वाट ल्यूकच्या खोलीतून गेली, यात आपलं काय बिघडलं?

आता जिथे मला या पुस्तकांशी भांडायचं आहे तेही सांगते. पहिल्या भागात कायरॉन हा गुरू पर्सीला समजावतो की देव पाश्चिमात्य संस्कृतीच्या केंद्राबरोबर फिरत आले. आधी ग्रीस, मग रोम, मग युरोपातले देश, इंग्लंड आणि आता अमेरिका. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला हे मान्य नाही. ग्रीक देव पूर्वेलाही आले आणि चांगले इथे राहिले. गांधार शिल्पांत बुद्धाच्या शेजारी उभा असलेला त्याचा रक्षक वज्रपाणी ग्रीक वीर हेराक्लीससारखा घडवलेला आहे. विदिशेजवळ हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूतानं वासुदेवासाठी उभारलेला गरुडस्तंभ आजही आहे. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट या गावाहून आलेल्या यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, दात्यांची नावं खांबांवर कोरलेली आहेत.

आणि सगळ्यात जवळचं म्हणजे आमच्या कोल्हापुरात, पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर गेल्या शतकाच्या चाळिशीत ज्या प्राचीन वस्तू सापडल्या, त्यांत कांस्याची एक छोटी मूर्ती आहे. ती पोसायडनची आहे. पर्सीच्या बापाची! सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी आपला जो व्यापार चालत होता त्याच्या ओघात ती समुद्र ओलांडून, घाट चढून इथवर आली. टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात ती आहे. जी मुलं पर्सी वाचून पोसायडनचा त्रिशूळ वहीच्या मागच्या पानावर काढतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना आपल्या गावात पोसायडन आहे याचा पत्ता नाही. आमच्या वाचनालयातल्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. "बाई, आपल्या पंचगंगेत? खरंच?" मग त्या एका प्रश्नातून सातवाहन, रोम, जहाजं, मोसमी वारे, नाणी सगळं निघालं. पाठ्यपुस्तकातल्या त्याच धड्यावर इतकी वर्षं वर्ग जांभया देताना मी पाहिला आहे.

बाकी उणिवा आहेत. पहिल्या भागातली मेडुसा नुसतीच दुष्ट आहे. ओव्हिड या रोमन कवीनं तिच्यावर झालेल्या अत्याचाराची जी कथा सांगितली, ती मुलांच्या पुस्तकात नीट पेलता आली नसती हे समजतं, तरी मला ते खटकतं. विनोद कधी कधी जास्त होतो. 2010 सालचा सिनेमा पाहून पुस्तकाबद्दल मत बनवू नये, त्यात बारा वर्षांचा पर्सी थेट मोठ्या वयाचा केला आहे आणि स्वतः लेखकालाही ते आवडलं नव्हतं.

त्या ज्येष्ठ वाचकांचं खरं दुखणं मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. 2018 साली रायर्डन यांच्याच नावानं सुरू झालेल्या प्रकाशनमालेत पहिलं पुस्तक आलं ते 'अरु शाह अँड द एंड ऑफ टाइम'. लेखिका रोशनी चोक्शी, भारतीय वंशाच्या अमेरिकन. नायिका बारा वर्षांची, अटलांटा शहरातली, आणि पांडव त्यात मुलींच्या रूपानं पुन्हा जन्माला आलेले आहेत. आमच्या मुलांनी ते पुस्तक आनंदानं वाचलं. पण वाचताना मला वाईट वाटत राहिलं, की पांडव अटलांटाहून इंग्रजीतून आमच्या मुलांकडे आले, पुण्याहून किंवा कोल्हापुरातून मराठीतून का नाही? आपल्याकडे मुलांसाठी पुराणकथा लिहिल्या जातात त्या बहुतेक वेळा हात जोडून. देव चुकत नाहीत, मोठी माणसं चुकत नाहीत, आणि गोष्टीतल्या मुलाचं काम फक्त आज्ञा पाळण्याचं. महाभारत तसं नाही. तिथे द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते आणि भीष्मांना उत्तर देता येत नाही. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये ही माणसं किती धीटपणे उलगडून दाखवली! ते धैर्य मोठ्यांच्या मराठीत आहे. बाराव्या वर्षाच्या मुलासाठी ते का नसावं? आजच्या मराठी शाळेत जाणारा, गणितात अडणारा, वडगावच्या बाजारात आईला मदत करणारा एखादा मुलगा आणि त्याच्यासमोर अचानक उभा राहिलेला अश्वत्थामा, अशी गोष्ट कुणी लिहिली तर आमच्याकडे तिलाही नंबर लागतील, याची मला खात्री आहे.

तेव्हा शाळांना माझी विनंती आहे की पुस्तकं काढू नका, उलट त्यांच्या शेजारी कर्ण, घटोत्कच, सावित्री ठेवा. वाचायला अडखळणाऱ्या मुलाला पहिला भाग द्या, क्रमानं द्या, आणि किती पानं झाली ते विचारू नका. पाचवी-सहावीपासून पुढे चालेल. कोल्हापुरातल्या शाळांनी सहलीला बाहेरगावी जाण्याआधी एक दुपार टाऊन हॉलला काढावी. मराठी प्रकाशकांना विनंती आहे की मुलांची पुस्तकं मोठ्या टायपात, ओळींत मोकळी जागा ठेवून छापा. ज्यांना अक्षरं पोहताना दिसतात त्यांना त्याचा फार उपयोग होतो, आणि इतरांचं काही बिघडत नाही.

आणि ज्यांच्या पत्रावरून मी हे लिहिलं त्या ज्येष्ठ वाचकांना आग्रहाचं बोलावणं. ते कोल्हापूरचे असतील तर नातवाला घेऊन त्यांनी शनिवारी दुपारी आमच्या वाचनालयात यावं. कोल्हापूरचे नसतील तर आपल्या गावच्या वाचनालयात जावं. मुलांना अष्टवसूंची गोष्ट सांगावी. गंगेनं सात मुलं जन्मताच पाण्यात सोडली आणि आठवा भीष्म राहिला, ही गोष्ट पर्सी वाचणारी मुलं जीव टाकून ऐकतील. प्रश्न मात्र ती विचारतील, आणि बहुतेक पहिला प्रश्न गंगेबद्दलच असेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कोल्हापूर